ती चोरी मी रचली होती

पुण्याच्या एका प्रकाशकाने मला फसवले. मी त्याला कादंबरी दिली आणि त्याने ती माझे आत्मकथन म्हणून छापली.

पैशाचा विषय नाही, हे आधीच सांगून टाकते. मानधन ठरल्याप्रमाणे आले. म्हणूनच लोक विचारतात, मग तुझी तक्रार तरी कसली? पुस्तक निघाले, खपते आहे, पेपरात फोटो आला. डिचोलीच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्या बाईला याहून जास्त काय पाहिजे? मला काय पाहिजे ते मी सांगेन. पुस्तकाचे नाव मात्र इथे लिहिणार नाही. लिहिले तर त्याच्या आणखी प्रती जातील, आणि त्या माणसाची जाहिरात मी फुकट करणार नाही.

माझे माहेर पेडणे तालुक्यात, सासर कारापूरला आणि दुकान डिचोलीत. आता दुकान म्हणण्यासारखे दुकान आहे, मागे गोदाम आहे. सुरुवात बुधवारच्या बाजारात, रस्त्याच्या कडेला गोणपाटावर झाली. माहेरच्या मिरच्या आणि सोलं, म्हणजे आमसुलं, एवढाच माल. नवरा तेव्हा खाणीवर दुसऱ्याचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक मालकाने विकला आणि नवरा माझ्या गोदामात आला. त्याच्या आधीच माझे दुकान उभे होते. हे मुद्दाम सांगते, कारण इतकी वर्षे लोक एकच प्रश्न विचारत आले आहेत. हिच्याकडे भांडवल आले कुठून? बापाकडे काही नव्हते, नवऱ्याकडे काही नव्हते.

मी सांगायचे, "भांडवल माझ्या तोंडात आहे."

लोक हसायचे, पण ते खरे होते. मला घासाघीस येते. मिरचीला हात कसा लावतो यावरून मी गिऱ्हाईक ओळखते. देठ मोडून बघणाऱ्याला माल कळतो, त्याच्याशी जपून बोलायचे. नाकाशी नेणाऱ्याला शिंक येते, आणि शिंकलेले माणूस घाईत असते.

पण घासाघिशीला दोन माणसे पुरत नाहीत. तिसरे लागते, आणि ते तिथे हजर नसावे लागते. "आत्ताच एक बाई याहून चढा भाव सांगून गेली, संध्याकाळी न्यायला येणार आहे," असे म्हटल्याशिवाय आमच्या बाजारात एक गोण हलत नाही. प्रत्येक विकणाऱ्याचे असे कधीच न आलेले एक गिऱ्हाईक असते. माझी मयेची बाई होती. मयेच का, तर गाव जवळ आहे, तळ्यामुळे सगळ्यांना ठाऊक आहे, पण उठून चौकशी करायला कोणी जाणार नाही इतके बाजूला आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे भांडण तिच्यावर उभे आहे. मयेची बाई नाही हे मला माहीत असते. समोरच्यालाही माहीत असते. त्याला माहीत आहे हे मला माहीत असते. तरी तो क्षणभर मान वळवून रस्त्याकडे बघतो. त्या बघण्यावर माझे घर चालले. यात फसवणूक नाही. तोही मला सांगतो की पलीकडच्या दुकानात स्वस्त आहे, आणि मीही क्षणभर तिकडे बघते. रचलेले आहे हे दोघांना माहीत असते, तोवर तो व्यवहार. एकालाच माहीत असले, की लबाडी.

साखळीची एक म्हातारी पावसाआधी माझ्याकडे पुरुमेंत भरायला यायची. पावसाळ्याच्या साठवणीला आमच्याकडे पुरुमेंत म्हणतात. एका वर्षी तिने भाव ऐकून घेतला, मयेच्या बाईचे ऐकून घेतले, आणि पिशवी खाली ठेवली.

"काय गो, ही तुजी मयेची बाई मी इतकी वर्सां आयकतां. दिसता कशी ती?"

"उंच," मी म्हणाले. "सावळी. पदर कायम कमरेला खोचलेला."

"आणि घोव?"

"नाही. एकटीच राहते."

म्हातारीने एक मिरची उचलली, उन्हात धरून बघितली. "मगे एकटीक इतकी मिरसांग कित्याक?"

गिऱ्हाईक माझे तोंड बंद करून गेले, असे त्या दिवशी पहिल्यांदा झाले. जाताना म्हातारी भावही आपलाच देऊन गेली.

दुपारी सगळी डिचोली झोपते. दुकाने बंद, रस्त्यावर कुत्री. मी शटर अर्धे ओढून गोणीवर बसले आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायला लागले. एकट्या बाईला इतक्या मिरच्या कशाला? काहीतरी लपवायला. मिरच्यांच्या गोणीत कोपरापर्यंत हात कोणी घालत नाही, हे माझ्याएवढे कोणाला माहीत? मग काय लपवायला? असे करत करत मी कादंबरीत शिरले.

शाळेत मी दहावीपर्यंत मराठीतून शिकले. घरात बोलतो ते वेगळे, लिहितो ती मराठी, हे आमच्याकडे कोणाला नवल वाटत नाही. वाचनालयातून पुस्तके आणायचे, ती गल्ल्याखाली ठेवायचे. पण लिहिणे मला पुस्तकांनी शिकवले नाही, बाजाराने शिकवले. वाक्य लांबले की गिऱ्हाईक जाते.

मयेच्या बाईला आधी "ती" म्हणून लिहिले. ती दुकानाबाहेरच उभी राहायची, आत यायची नाही. मग "मी" म्हणून लिहिले, तेव्हा उंबरा ओलांडला. कादंबरीत ती लहानपणापासून देवीच्या देवळात झाडलोट करते, समया घासते आणि निर्माल्य, म्हणजे देवीवरून उतरवलेली फुले, ओहोळात सोडते. एके दिवशी त्या फुलांत तिला देवीची नथ सापडते. ती परत देत नाही. ती मिरच्यांच्या गोणीत लपवते, गहाण टाकून धंदा उभा करते, सोडवून पुन्हा गोणीत घालते आणि जन्मभर त्या गोणीपाशी पाय दुमडून बसते.

नथ मला पहिल्या दिवशी सुचली नव्हती. आधी पुतळीमाळेतली पुतळी होती, मग अंगठी. पुतळी फुलांबरोबर येईल कशी? अंगठी देवीच्या बोटातून गळेल कशी? नथीला आकडा असतो, तो हाराच्या दोऱ्यात अडकू शकतो. म्हणून नथ. एवढ्या एका गोष्टीसाठी एक आख्खा पावसाळा गेला. आणि गोणीत ती खरोखर सापडत नाही ना, हे बघायला मी माझीच लग्नातली नथ कापडात गुंडाळून मिरच्यांत घातली आणि नवऱ्याला म्हटले, शोध. तो शिंकून शिंकून लाल झाला आणि बाहेर जाऊन बसला.

"तुका गमता तरी कितें?" तो बाहेरून ओरडला. तुझ्या मनात आहे तरी काय?

मी म्हटले, "कादंबरी."

पुस्तक लिहून झाल्यावर ते विकायचे असते, हे मला कोणी शिकवायला नको होते. टाईप करून घेतले आणि सहा-सात ठिकाणी पाठवले. काहींनी उत्तर दिले नाही. एकाने लिहिले की विषय प्रादेशिक आहे. मग पुण्याहून या प्रकाशकाचा फोन आला. आवाज गोड, प्रत्येक वाक्यात ताई.

"ताई, मी एका बैठकीत वाचून काढलं. ही मयेची बाई कुठे भेटली हो तुम्हाला?"

"भेटली नाही," मी म्हणाले. "मिरच्या खपवायला मीच तयार केली." आणि त्याला तिसऱ्या माणसाची सगळी गोष्ट सांगितली.

तो हसला. खूप हसला. फोन कानापासून लांब धरावा लागला इतका. मीही हसले. हे हसणे लक्षात ठेवा.

मग आम्ही घासाघीस केली. कागद चांगला पाहिजे, तो म्हणाला हो. माझ्या माणसांचे बोलणे बदलायचे नाही, तो म्हणाला हो. छापण्याआधी सगळे मला दाखवायचे, हो. त्याच वेळी माझा कान टवकारायला हवा होता. सगळ्याला हो म्हणणाऱ्याने दुसरीकडे कुठेतरी आधीच वसूल केलेले असते, हे मी दुकानातल्या पोरींना शिकवते. पण माझे पहिले पुस्तक निघणार होते, आणि त्या आठवड्यात मी कोणावर ओरडलेसुद्धा नाही. करारावर सही केली. त्यात "पुस्तक" एवढाच शब्द होता.

तपासायला आलेली पाने मी दुपारी दुपारी डोळ्यांत तेल घालून वाचली. फणस घेताना आम्ही वरून बघतो. काटे बघतो, देठ बघतो, बोटाने वाजवतो. आत बघायचा प्रश्नच नसतो. पुस्तकाच्या बाबतीत मी सगळे आत बघत बसले आणि साल बघायची विसरले. कुरियरवाला खोका ठेवून गेला, मी सुरीने पट्टी कापली, आणि वरच्या प्रतीवर एका बाईचे मिरच्यांनी भरलेले हात, माझे नाव आणि नावाखाली लाल अक्षरांत: आत्मकथन. मागच्या बाजूला लिहिले होते की एका मिरचीवालीने आपल्या आयुष्यातली चोरी पहिल्यांदाच निर्भीडपणे कबूल केली आहे.

मी उभ्या उभ्या फोन लावला.

"अहो ताई, मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "वाचक रडतायत. कादंबरी म्हटलं की लोक बाजूला ठेवतात. आणि तुमच्यासारख्या बाईनं जगल्याशिवाय असं लिहिता येतं का?"

"मी जगले नाही. मी गोणीवर बसून रचलं. तुम्हाला सांगितलं होतं."

"तेच ते, ताई. पुढच्या आवृत्तीत बघू."

तेच ते. माझ्या दुकानात कोणी वेंगुर्ल्याची मिरची हरमलची म्हणून विकली तर मी त्याला तेच ते म्हणून सोडत नाही.

पहिल्यांदा मला वाटले, वाचणारे किती आणि डिचोलीत किती. पण वाचायला लागत नव्हते. पुस्तकाच्या पाठीवरची चार वाक्ये मोबाईलवरून फिरली. बुधवारी एक ओळखीची बाई आली, भाव विचारला आणि म्हणाली, "कमी कर गो. तुला तर सुरुवातच फुकट होती."

मी तिला मिरची दिली नाही. ती हसत हसत गेली, आणि पुढच्या आठवड्यात तेच वाक्य दुसऱ्या कोणी वापरले. घासाघिशीत माझ्याविरुद्ध वापरायला बाजाराला नवे माणूस मिळाले होते, आणि ते माणूस मीच होते. कोणी गोणीकडे बोट दाखवून विचारायचे, "हात घालू की नको?" कोल्हापूरकडून दोन शिक्षिका गाडी करून आल्या. त्यांना ती गोण बघायची होती. मी म्हटले, कुठलीही बघा, सगळ्या सारख्याच आहेत. त्यांनी भरल्या डोळ्यांनी एकीचा फोटो काढला. त्या गोणीत धने होते.

हेही मी सोसले असते. पण वीस वर्षांच्या त्या प्रश्नाला, हिच्याकडे भांडवल आले कुठून याला, आता छापील उत्तर मिळाले होते. पावसात गोणपाट डोक्यावर घेऊन उभी राहिलेली मी त्या उत्तरात कुठे नव्हते. रचणारीही गेली आणि राबणारीही गेली. उरली ती चोर.

मग चतुर्थीच्या आसपास पेडण्याहून भावाचा फोन आला. धाकटा भाऊ, मोपाच्या विमानतळावर सामान चढवायच्या कामाला आहे. कमी बोलतो.

"आक्का, देवळातल्यांनी पेटी उघडली."

"कसली पेटी?"

"देवीच्या दागिन्यांची. तुज्या पुस्तकामुळे. तुजी गोष्ट म्हणजे देऊळ आपलाच, म्हणतत."

"मग?"

"सगळे दागिने आसत. नथ पण आसा."

"झालं तर मग."

"झाला नाय. ते म्हणतत, ही नथ आसा म्हणजे चोरलेली ती दुसरी. आपणांक ठाऊक नसलेली."

मी हसले. तो हसला नाही. आमच्या गावात दसऱ्याला देवीचे तरंग निघते. तरंग म्हणजे साड्या नेसवलेली, फुलांनी मढवलेली देवाची उंच काठी. ती कमरेला बांधून गावभर मिरवायचा मान घराघराने फिरतो. आमच्या घराची पाळी मागे आली तेव्हा बापाने तरंग घेतले होते. मी परकरात होते. एरवी सगळ्यांसमोर मान खाली घालून बोलणारा आमचा बाप त्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यावरून बघत चालत होता. आता यंदा पुन्हा पाळी होती, भावाची. तो महिनाभर आधीपासून वासराएवढा दगड उचलून सराव करत होता, हे मला वहिनीने सांगितले होते.

"नथ परत दी म्हणतत," भाऊ म्हणाला. "नायतर तरंगाक आमचो हात नको."

"कुठली परत देऊ?"

"खंयची पण दी गो आक्का. तुका काय कमी आसा?"

मला काही कमी नव्हते. नथ करून घेणे मला जड नव्हते, आणि हे त्यांनाही माहीत होते. पण "परत" म्हणून दिली की मी घेतली होती असे झाले. आणि घेतली होती असे झाले की ती कादंबरी नव्हती. पेडण्याच्या देवळात ठेवलेल्या नथीने पुण्याच्या त्या लाल शब्दावर शिक्का बसणार होता.

प्रकाशक तेव्हा कसल्याशा कार्यक्रमाला पणजीत आला होता. मी सकाळच्या बसने गेले. हॉटेलात त्याने माझ्यासाठी चहा आणि पाव मागवला, मी हात लावला नाही.

"तुम्ही माझ्याबरोबर गावात चला," मी म्हणाले. "दोन तासांचं काम आहे. देवळात उभे राहा आणि सांगा, ही कादंबरी आहे, आम्ही कव्हरावर चुकीचं छापलं."

"ताई, असं कसं सांगणार? पुस्तकाचा विश्वास जाईल."

"आणि माझा?"

"उलट तुमच्याविषयी किती आदर वाढलाय. एवढं कबूल करायला धैर्य लागतं."

"मी काही कबूल केलेलं नाही."

त्याने मान हलवली, हट्टी मुलाकडे बघून हलवावी तशी. मग पिशवीतून माझे दुसरे हस्तलिखित काढले. ते मी आधीच पाठवले होते. वास्को बंदरात खनिज वाहणाऱ्या बोटीवर, बार्जवर, काम करणाऱ्या एका माणसाची कादंबरी, तीही "मी" म्हणून लिहिलेली.

"हे मात्र आपल्याला करता येणार नाही. तुम्ही बार्जवर काम केलंय का कधी? हे तुमचं अनुभवविश्व नाही. त्यापेक्षा सासरचं लिहा ना. कारापूरचं."

तेव्हा मला पूर्ण हिशोब कळला. या माणसाने एका पुस्तकाचे नाव बदललेले नव्हते. पुढे मी काय लिहू शकते ते त्याने ठरवून टाकले होते. पुण्यामुंबईच्या लेखकाने बार्जवाला लिहिला तर ती प्रतिभा. मी लिहिला तर ते माझे अनुभवविश्व नाही. मी फक्त जगायचे, आणि जगलेले त्याच्याकडे आणून द्यायचे. मी हस्तलिखित घेतले. चहा तसाच ठेवून उठले. जाताना त्याला जे बोलले ते इथे छापता येणार नाही, पण बाजूच्या टेबलावरच्यांनी खाणे थांबवले होते.

पुढच्या रविवारी मी आणि नवरा गावात गेलो. सभामंडपात गावातली पाच-सहा म्हातारी माणसे बसली होती. भाऊ खांबाला टेकून उभा होता. त्यांच्यातले सगळ्यांत वडील माणूस, माझ्या बापाच्या वयाचे, मला काखेत घेऊन फिरवलेले.

"बाय," ते म्हणाले, "आमी तुका चोर म्हणूक नाय. तूच म्हटलंस."

"काका, ती मी नव्हे. मयेची बाई. ती नाहीच आहे कुठे."

"मगे 'मी' कित्याक म्हटलंस?"

"तुम्ही दशावतारात रावणाचं सोंग घ्यायचात. 'मी सीतेला पळवीन' म्हणायचात. पळवलीत?"

एक-दोघे हसले. काकाही हसले. मला वाटले, सौदा जमला. बाजू वळत होती. आणि तेवढ्यात माझा नवरा, जो लग्नापासून चार लोकांत तोंड उघडत नाही, तो माझ्या बाजूने बोलायला पुढे झाला.

"मी सांगतो. सगळं रचलेलंच आहे. मला ठाऊक आहे. नथ गोणीत लपते की नाही हे बघायला तिनं नथ गोणीत घातली, आणि मला शोधायला लावली. म्हणून सांगतो."

काका पुढे सरकले.

"म्हणजे नथ होती," काका म्हणाले.

"होती ना. तिचीच."

"गोणीत."

"गोणीत."

"मिरच्यांच्या."

नवऱ्याने माझ्याकडे बघितले. काय झाले ते त्याला तेव्हा कळले. बिचाऱ्याने माझ्या मेहनतीची साक्ष दिली आणि तीच माझ्यावरचा पुरावा झाली. मला त्याचा राग आला नाही, हे विशेष, कारण मला सगळ्यांचा राग येतो. त्याने खरे सांगितले होते. खोटे आधीच पुण्यात छापून झाले होते, आणि छापलेल्या खोट्यापुढे काहीही खरे ठेवले तरी ते खोट्याच्याच मापाचे होते.

मी शेवटची घासाघीस केली. म्हटले, "नथ देते. चांगली देते. पण ओटी म्हणून देते, माहेरवाशिणीची. परत म्हणून नाही."

काका बाकीच्या म्हाताऱ्यांशी कुजबुजले. मग म्हणाले, "तसा चलाचा नाय. देवीची वस्तू देवीक परत, असा देवीसमोर गाऱ्हाण्यात बोलूक लागतला."

"मग नथ नाही."

"आक्का," भाऊ म्हणाला. एवढेच.

मी त्याच्याकडे बघितले नाही. बघितले असते तर दिली असती. चप्पल घातली आणि बाहेर आले. लोक म्हणतात, मी अडेलतट्टू. भावाच्या मानापेक्षा एका शब्दाची किंमत जास्त लावली म्हणतात. लावली. त्या शब्दात माझ्या सगळ्या दुपारी होत्या. मी "परत" म्हटले असते तर बापाने तरंग घेतले त्या दिवसापासून आजपर्यंत आमच्या घराने मिळवलेले सगळेच चोरीचे झाले असते, आणि भाऊ तरंग घेऊन चालला असता तो चोराचा भाऊ म्हणून. हे त्याला आज पटत नाही. मी वाट बघीन.

दसऱ्याला गेले. कोणी बोलावले नव्हते, कोणी अडवलेही नाही. आमची पाळी टाळून तरंग वेगळ्या घरातल्या चुलत भावाला दिले होते. तो वळणावर दोनदा डगमगला, दोघांनी हात लावून सावरला. माझा भाऊ गर्दीत कडेला उभा होता, नव्या धोतरात. धोतर आधीच आणून ठेवले असणार. तो तरंगाकडे बघत होता, आणि डोके किंचित वर होते, बापासारखे. माझ्या बाजूला त्याने नजर वळवली नाही. आमच्या घराची पाळी पुन्हा येईल तेव्हा ते वजन घ्यायला त्याचे खांदे राहिलेले नसतील.

बार्जवाल्याची कादंबरी मी पुन्हा लिहायला घेतली आहे. दुपारी, शटर अर्धे ओढून. ती कुठेतरी निघेल, आणि तिच्या कव्हरावर कादंबरी असेच असेल. नसेल तर मी ती गोदामात ठेवीन. आणि मयेची बाई अजून माझ्या दुकानात येऊन जाते. परवाच एकीला म्हटले, आत्ता चढा भाव सांगून गेली. ती म्हणाली, "ती म्हणजे तूच ना?" आणि रस्त्याकडे वळून बघितले नाही. इतक्या वर्षांचे माझे माणूस त्या प्रकाशकाने माझ्याकडून काढून घेतले.

म्हणून हे लिहिले. ही मात्र घडलेली गोष्ट आहे, यावर आत्मकथन छापायला माझी हरकत नाही. आणि आता मी सरळ तुमच्याशी बोलते, प्रकाशक साहेब, कारण हे तुमच्यापर्यंत पोचेल याची मला खात्री आहे. तुम्ही पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाला होता. दुसरी आवृत्ती निघाली, तो शब्द तिथेच आहे, आणखी मोठा. मला नवे कव्हर नको, आदर नको, ताई नको. पुण्याहून मोपाला विमान येते, तिथून आमचे गाव दूर नाही. या. सभामंडपात त्या म्हाताऱ्यांसमोर उभे राहा. माझा भाऊ तिथे असेल, त्याच्याकडे बघून बोला. मयेची बाई मी मिरच्या खपवायला तयार केली, हे मी तुम्हाला पहिल्याच फोनवर सांगितले होते, आणि तुम्ही हसला होता. मी फोन कानापासून लांब धरला इतके हसला होता. तुम्हाला माहीत नव्हते असे आता म्हणू नका.

तुम्ही का हसला होता, तेवढे तिथे येऊन सांगा.